शेअर बाजारातली मेंढरं

दुष्काळाचं दुसरं वर्ष. शहरात आठवड्यातून एकदा नळ आणि शहरालगतच्या आमच्या गावात टँकर. चारा संपला तशी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळी मेंढरं विकली. आम्हा मेंढपाळांत हे नवं नाही. दुष्काळात कळप विकायचा, गवत उगवलं की परत घ्यायचा, मधे त्या पैशाला हात लावायचा नाही. आबा तर त्याला पैसे म्हणतच नसत. शहरात पुंडलिकनगरातल्या माझ्या शेअरच्या ऑफिसात येऊन त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "ही मेंढरं सांभाळ. पाऊस झाला की नेतो."

मी ती शेअरमध्ये घातली. विचारून घातली, हेही सांगतो. "तुला कळतं त्यातलं," एवढंच ते म्हणाले. आणि मला कळत होतंच. परदेशी गुंतवणूकदार रोज खरेदी करत होते. ते घेतील ते मी घ्यायचो आणि महिनोन्‌महिने बरोबर ठरायचो. आबा फोनवर विचारायचे, "मेंढरं कशी हायेत?" मी ऐटीत सांगायचो, "लई माजलीत."

मग अमेरिकेत व्याज वाढणार अशी नुसती कुणकुण लागली आणि या पाहुण्यांनी गाशा गुंडाळला. आपल्या कंपन्यांचं काहीच बिघडलं नव्हतं, तरी रोज विक्री. असा संताप आला होता मला! त्याच आठवड्यात पाऊस झाला आणि आबा दारात हजर. पिशवीतलं निम्मंच उरलं होतं.

"आबा, आत्ता विकू नका. ते परदेशवाले परत येतात. दर वेळी आलेत."

"व्हय? किती दिस?"

"वर्षभर धरा."

आबांनी चहा घेतला नाही. "थांबतो मग," म्हणाले आणि गेले.

माझं चुकलं नाही. सव्वा वर्षात परदेशी गुंतवणूकदार परतले, भाव आधीच्याही वर गेले. आजही घाबरलेल्या गिऱ्हाइकाला मी छातीठोकपणे थांबायला सांगतो. फक्त आधी विचारतो, पैसे कधी लागणार आहेत.

आबा तोवर शहरातच, गारखेड्यात एका नव्या अपार्टमेंटवर वॉचमन झाले होते. रिकामं कशाला थांबायचं, म्हणून. मी तडक तिथं गेलो. "आबा, विकले शेअर. होता त्याच्या दीडपट कळप येईल."

त्यांनी गेट उघडून एक गाडी आत घेतली, गेट लावलं. आमच्या गावच्या माळावर त्या वर्षात प्लॉट पडले होते, हे मला माहीत होतं. मीच दोन गिऱ्हाइकांना तिथं घ्यायला सांगितलं होतं.

"लई चांगलं केलंस," आबा म्हणाले. "पर चारू कुठं?"