जाळीवरचा हार

माझ्या पोरानं गाडी घेतली ती आपोआप ब्रेक मारणारी. पुढं काही आडवं आलं की स्वतःच थांबते म्हणे. "मग तू काय लेका, नुसता नवरदेवासारखा बसणार?" मी चिडवायचो. पण खोटं कशाला बोलू, महिन्याभरात मलाही तिचं कौतुक वाटायला लागलं होतं.

दसऱ्याला सकाळी मीच गाडी धुतली. काचेवर वरच्या बाजूला हळदकुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, पुढच्या जाळीवर झेंडूचा जाडजूड हार बांधला. आमच्यात त्या दिवशी नांगरापासून सायकलीपर्यंत सगळ्यांना हार असतो. नृसिंहवाडीला दर्शनाला निघालो, तर गाडीच्या पडद्यावर पिवळी सूचना आली.

"दादा, हार काढाय पायजे. त्याच्यामागं रडार हाय. काचंवरचा कॅमेरा पण झाकलाय. आपोआप ब्रेक बंद पडलाय," पोरगा म्हणाला. बापाला तो दादाच म्हणतो.

माझं डोकंच फिरलं. "सणाच्या दिवशी हार काढतोस? आयला, मी काय जन्मभर रडार लावून गाडी चालवली? डोळं हायत न्हवं तुला?"

"बरं, बघून चालवतो," म्हणाला आणि हारासकट गाडी काढली.

शिरोळच्या अलीकडे एक दूधवाला सायकलला किटल्या अडकवून चालला होता. वळायचं म्हणून त्यानं हात दाखवला. पोरानं बघितला, मीही बघितला. पण पोराचा पाय ब्रेकवर गेलाच नाही. महिनाभर थांबायचं काम गाडीनंच केलं होतं, त्याच सवयीनं तो बसून राहिला. मी ओरडलो तेव्हा त्यानं ब्रेक दाबला, पण दूध रस्ताभर झालं होतं आणि माणूस चाकाशी पडला होता.

पोलिसांना पोरानं "चूक माझी" एवढंच सांगितलं. हाराचं नाव काढलं नाही. मी शेजारी उभा होतो, मीही काढलं नाही. भ्यालो होतो, दुसरं काय!

पंधरा दिवसांनी दूधवाल्याच्या घरी गेलो. पाय गुडघ्यावरून काढलेला. भिंतीकडं तोंड करून पडला होता, आमच्याकडं वळलाही नाही. त्याच्या बायकोनं पाणी दिलं आणि विचारलं, "पावणं, ती गाडी आपोआप थांबती म्हणं. मग आमच्या माणसापुढंच कशी थांबली न्हाय?"

"यंत्र हाय वहिनी. बिघडतंय," मी म्हणालो.

"व्हय की. त्याला तुम्ही तरी काय करणार," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

मी तो चहा प्यालो.