बेल वाजली की पंखा बंद

आमच्या घाटकोपरच्या घरात बेल वाजली की पंखा बंद व्हायचा. टीव्ही त्याच्याही आधी. मग आई, बाबा आणि मी, जो जिथे असेल तिथे गप्प. बाबांचं झेरॉक्सचं दुकान बसलं, त्या वर्षांतली ही सवय. दुकानाच्या कर्जावर बाबांसोबत माझीही सही होती, त्यामुळे हप्ते थकल्यावर वसुलीवाले दोघांच्याही नावाने यायचे. समोरच्या मालवणी काकू दार किलकिलं करून त्यांना सांगायच्या, "सगळी गावाक गेलीत. कधी येतली म्हायत नाय." त्यांना तसं सांगायला आम्ही कधीच म्हटलं नव्हतं. उपकारच तो, पण मला फार टोचायचा.

पुढे कर्ज फिटलं. आईच्या बांगड्या गेल्या, माझे पगार गेले, पण फिटलं. सवय मात्र राहिली.

मग मला केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरी लागली. लागली म्हणजे लागायची होती. काम गोपनीय, म्हणून आधी माझी चौकशी होणार होती. पैशाच्या अडचणीतला माणूस फितू शकतो असं सरकारला वाटतं, आणि वाटणारच. थकलेल्या हप्त्यांबद्दल विचारलं होतं, ते मी खरं खरं लिहून दिलं. लिहिताना कान तापले होते. आता पोलिसांचा अहवाल तेवढा बाकी होता. तो वाईट गेला की नोकरी गेलीच.

एका रविवारी दुपारी बेल वाजली. बाबांनी उठून पंखा बंद केला. आणि मी, इतके दिवस ह्याच बेलची वाट बघणारी, मीसुद्धा श्वास रोखून बसले. सकाळपासून एका अनोळखी नंबरवरून फोन येत होते, तेही मी उचलले नव्हते.

बाहेर काकूंचा आवाज आला, "सगळी गावाक गेलीत."

"पोलीस स्टेशनातून आलोय. मुलीची चौकशी आहे. इथेच राहते ना?"

वसुलीवालेही पूर्वी असलंच काहीबाही सांगायचे. काकू कसल्या फसतायत! "हय आता कोणी रवणा नाय," त्यांनी ठणकावून सांगितलं.

मी धावत जाऊन दार उघडलं. साध्या कपड्यातला हवालदार जिना उतरायला लागला होता. तो परत वर आला.

"घरात होतात? मग दार का नाही उघडलं?"

कागदावर लिहिलं होतं तेच तोंडाने सांगायचं होतं. जमलं नाही. बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते.

"बाबांना ऐकू येत नाही," मी म्हणाले. "आणि मी बाथरूममध्ये होते."

खालच्या वाण्याकडचं भांडण तिसऱ्या मजल्यावरून ऐकणारा माझा बाप. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हवालदाराने कागद चाळले. "कर्जाचं स्वतःहून लिहिलंत ते बरं केलंत मॅडम. कर्ज झालं म्हणून कोणी अडत नाही. लपवणारे अडकतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात तो बाबांकडे वळला आणि बहिऱ्या माणसाशी बोलतात तसा मोठ्याने ओरडला, "काका! कर्ज सगळं फिटलं का? वसुलीवाले येतात का अजून?"

वरच्या मजल्यावर कडी वाजली. खालचंही एक दार उघडलं. जे कळू नये म्हणून आम्ही वर्षानुवर्षं उकाड्यात बसलो, ते सगळ्या बिल्डिंगला ऐकू गेलं. बाबांना ऐकू येतं, एवढं म्हटलं असतं तरी तो थांबला असता. मी म्हटलं नाही.

बाबांनी कानामागे हात धरला. "काय?"

तो आणखी जोरात ओरडला.

"फिटलं," बाबा म्हणाले.

नोकरी मिळाली. बाबांनी त्या दुपारचा विषय कधीच काढला नाही. परवा बेल वाजली तेव्हा मी स्वयंपाकघरातून हाक मारली, "बाबा, बघा ना कोण आहे ते."

"तूच बघ गं," बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले. "मला कुठे ऐकू येतं?"