खुरपणीची गाणी

सत्तेचाळिसाव्या वर्षी टेंभुर्णीच्या कॉलेजातल्या बेबीनंदा मॅडमनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं, तेव्हा स्टाफरूममध्ये हशा पिकला. "आता या वयात कशाला ही उठाठेव?" हसणाऱ्यांचं काय जातं! विषय होता खुरपणीची गाणी.

रेकॉर्डर घेऊन मॅडम केदारखेड्याला गेल्या. कपाशीत खुरपता खुरपता सोजराबाईंनी एक लांबलचक गाणं म्हटलं.

"हे कुणी शिकवलं?"

"टेंभुर्णीच्या शेवंताबाईनं. रोजानं आल्ती इथं. तिची लेक परफेसर हाय म्हणं. तिला ऐकवीन म्हणायची, पण पोरीला फुरसतच न्हाई."

शेवंताबाई म्हणजे मॅडमची आई. तिला जाऊन आठ वर्षं झाली होती.

मॅडमनी खुरपं मागून घेतलं आणि शेजारी बसल्या.

"पुन्हा म्हणा, मावशी. पहिल्यापासून."