खाऱ्या विहिरीचे जंतू

जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात, मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये, किस्से त्याहून लवकर वाढायचे. मी तिथं शिकवायचे. शेतकरी का मरतात ते विचारत गावोगाव समित्या फिरायच्या, ते दिवस होते.

*

एमएस्सीच्या वैशालीनं प्रोजेक्टसाठी दर्यापूरकडच्या आपल्या गावातल्या खाऱ्या विहिरीचे जंतू घेतले होते. असा जंतू एकदम गोड्या पाण्यात पडला, की पाणी आत घुसून तो फुगतो. मग त्याच्या पेशीच्या पडद्यातली चॅनल्स ताणानं उघडतात, आतले क्षार बाहेर पडतात आणि तो फुटायचा वाचतो. हे मी तासभर आकृत्या काढून शिकवलं. वर्ग ढिम्म.

आमचे लॅब अटेंडंट शकीलभाई फळा पुसता पुसता म्हणाले, "परतवाड्याची जीप हाये, मॅडम. लय सवारी भरली का मांगचं दार उघडते. दोन-चार पडते, पण गाडी पोचते."

परीक्षेत निम्म्या वर्गानं जीप काढली. मार्क द्यावे लागले.

*

मे महिन्यात लॅबचा पारा बेचाळीसवर, आणि जंतूंना हवे सदतीस. म्हणून डिपार्टमेंटचा एकुलता एक कूलर त्यांच्या फ्लास्कसमोर. एकदा विभागप्रमुख सर घामाघूम होऊन आले, फ्लास्क बाजूला सरकवले आणि स्वतः कूलरपुढं बसले.

शकीलभाई अदबीनं म्हणाले, "सर, तुमी नाही मरत. ते मरते."

सर उठले.

*

तुलनेसाठी आम्ही चॅनल्सच नसलेले जंतू बाहेरून मागवले होते. जंतू धुताना मी चुकून मिठाच्या पाण्याऐवजी बिनक्षाराच्या डिस्टिल्ड वॉटरची बाटली उचलली, दोन्ही जातींना तेच वापरलं. दुसऱ्या दिवशी मागवलेल्यांची प्लेट जवळजवळ रिकामी. वैशाली रडायला लागली. मग तिनं विहिरीवाल्यांची प्लेट उघडली. ती गच्च भरलेली.

पुढच्या महिन्यात करायचा प्रयोग नेमका हाच होता. नंतर तो आम्ही तीनदा मुद्दाम केला. पहिल्याचा उल्लेख कुठंच नाही.

*

तोंडी परीक्षेला पुण्याहून परीक्षक सर आले. प्रवासानं घसा कोरडा पडलेला. त्यांनी टेबलावरची बाटली उचलून निम्मी संपवली आणि तोंड वाकडं केलं.

वैशालीनं सांगितलं, ते विहिरीचं सॅम्पल होतं.

"अहो, मग तुम्ही लोक पिता काय?"

"तेच, सर."



*

प्रोजेक्ट संपल्यावर आम्ही वैशालीच्या गावी गेलो. तिच्या वडिलांनी ओट्यावर सतरंजी टाकली, चहा दिला आणि एवढे दिवस काय शोधलं ते विचारलं. मी सांगितलं, तुमच्या विहिरीतले जंतू कसे जगतात ते.

त्यांनी कप खाली ठेवला.

"याच ओट्यावर लय सायेब लोक येऊन गेले, बाई. आमी कावून मरतो, थेच इचारलं साऱ्याईनं. कसे जगता, हे तुमीच पयले इचारलं. थेबी जंतूले."