सुगंधाची समाधी

मिरजोळ्याच्या त्या वाडीत ध्यानाचा वर्ग आणला हौसाने आणि नाव झालं तिच्या धाकट्या जावेचं. हे दुखणं तिला कुणाजवळ बोलताही येत नव्हतं.

रक्तदाबाच्या गोळीबरोबर डोकंही थंड ठेवा, असं डॉक्टरांनी हौसाला बजावलं होतं. तिने रत्नागिरीच्या स्वरूप सरांना गाठलं, शिमग्यात पालखी बसते ती सहाण झाडून घेतली, दारोदार फिरून बायका जमवल्या. सासूबाईंना एकटं कसं सोडू म्हणणाऱ्या जावेला, सुगंधालाही तिनेच ओढून आणलं.

"चल गो. आईंजवळ तासभर हे बसतील."

आठवडाभरात सर सुगंधाकडे बोट दाखवायला लागले. "बघा, चेहरा किती सैल सोडलाय! विचार यांनाही येत असतील, पण या त्यांच्या मागे धावत नाहीत."

हौसा धावत होती. श्वास आत घेतला की तिला सुगंधा आठवायची, बाहेर सोडला तरी सुगंधाच. विचार आला की त्याच्याकडे नुसतं बघा, असं सर सांगायचे. ती बघायची. विचार हिरवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसलेला असायचा.

तशी सुगंधा तिला नव्याने खुपत नव्हती. तिच्या हातचं तिसऱ्यांचं कालवण, तिचे लांब केस, कुणी काही बोललं तरी हसून ऐकायची सवय, सगळंच खुपायचं. दोघींची घरं एकाच खळ्यात, अंगणाच्या दोन बाजूंना समोरासमोर. वाटण्या झाल्या तेव्हा आंब्याची कलमं हौसाच्या नवऱ्याकडे आली आणि सासूबाई, यमुनाबाई, धाकट्याकडे गेल्या. धाकटा दीर कामाला मुंबईत, म्हणजे त्या सुगंधाच्याच पदरात. हौसाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सासूबाई रोज समोर दिसत तर होत्या!

आता सरांचं येणं संपत आलं होतं. सोमवारपासून वाडीतल्याच एकीने पुढे बसून वर्ग चालवायचा होता. त्या पुढच्या चटईवर हौसाचा जीव अडकला होता. बसायला शोभेल म्हणून तिने पांढरी साडीही इस्त्री करून ठेवली होती.

शनिवारी ती मुद्दाम सुगंधाला खेटून बसली. हिची युक्ती काय, ते बघायचंच होतं. सरांनी डोळे मिटायला सांगितल्यावर तिने एकच मिटला.

सुगंधाचा खालचा ओठ लोंबत होता. मान हळूहळू कलत होती. मग नाकातून बारीक आवाज आला, दुधाला उकळी यायच्या आधी येतो तसा.

समाधी कसली! मेली झोपली होती.

हौसाला इतका आनंद झाला की हसू आवरेना. कोपराने ढोसून सगळ्यांदेखत उठवायची, असं ठरवून तिने हात उचलला, तोच सुगंधाचं डोकं तिच्या खांद्यावर येऊन टेकलं. गरम, जड, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना लावायच्या तेलाचा वास येणारं. हौसाचं कोपर तसंच अधांतरी राहिलं.

घंटा वाजली. सुगंधा दचकून ताठ झाली.

"सोमवारपासून सुगंधाताई पुढे बसतील," सर म्हणाले.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. हौसाने तोंड उघडलं. मग तिच्या लक्षात आलं, ही झोपते म्हटल्यावर पुढचा प्रश्न येणार, रात्री का झोपत नाही? सासूबाईंचं करते म्हणून. आणि मग थोरली सून काय करते म्हणत सगळ्या माना आपल्याकडे वळणार. तिने तोंड मिटलं.

घरी जाताना मात्र ती बोललीच. "झोपतेस तू."

सुगंधा थबकली. "मग काय करू, ताई? आईंना मध्यरात्रीच उजाडतं. चहा मागतात, दार उघडायला लावतात, पुन्हा चहा मागतात. इथे तेवढा वेळ कुणी हाक मारत नाही. सरांना सांगू नका हां. येऊ देणार नाहीत ते मला."

हौसा रात्रभर जळत राहिली. जागरणातसुद्धा हिचा नंबर पहिला! ती चटई, ते कौतुक, सगळं सासूबाईंमुळे. आणि सासूबाई हिच्या एकटीच्या.

रविवारी सकाळीच ती समोरच्या दारात उभी राहिली. "आईंचं गाठोडं बांध. आजपासून आमच्याकडे."

"का हो ताई? माझं काही चुकलं?"

"सगळं तुलाच मिळायला हवं का?"

सुगंधाला काही कळलं नाही, पण गाठोडं तिने भराभर बांधलं. दोघींनी दोन बाजूंनी धरून म्हातारीला खळ्यातून पलीकडे नेलं.

"उजाडला काय गो? चाय झाली?" यमुनाबाईंनी विचारलं.

"होतेय," हौसा म्हणाली. त्या रात्री तिने किती वेळा 'होतेय' म्हटलं, ते तिलाच माहीत.

सोमवारी सुगंधा पुढच्या चटईवर बसली. झोप झालेली, डोळे स्वच्छ, गाल भरल्यासारखे. डोळे मिटून बसणं तिला काही जमेना. सारखी पदर सारखा करत होती, मधूनच दुसऱ्या रांगेत बसलेल्या हौसाकडे बघत होती.

पांढऱ्या साडीतली हौसा तिच्याकडे बघून मनात धुमसली. झोप मिळाल्यावर तर ही आणखीच छान दिसायला लागली! हे आधी कळलं असतं तर...

पुढचं तिला सुचलं नाही. तिची मान हळूच शेजारणीच्या खांद्याकडे कलली होती.