वहिनीने निवडलेली अत्तरं

निशाचा, म्हणजे माझ्या पुतणीचा, रेवदंड्याहून फोन आला तेव्हा मी अलिबागच्या कचेरीत डबा उघडत होतो. माहेरपणाला आलेली होती ती. "काका, आई गेली," एवढंच म्हणाली. ओट्यावर जवळा पसरता पसरता वहिनी बसली, ती उठलीच नाही. डबा तिनेच सकाळी भरून दिलेला. मी तो बंद केला, उघडला, परत बंद केला... त्याला आता दीड महिना झाला.

आमचं घर सुक्या मासळीचं. अंगणात दोऱ्यांवर बोंबील, ओट्यावर जवळा. अशा घरात वाढलेल्या माणसाला मासळीचा वास येत नाही. इतरांना येतो, एवढीच अडचण. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी अत्तराची बाटली घेतली आणि निम्मी अंगावर ओतली. रिक्षातल्या लोकांनी अलिबागपर्यंत माना बाहेर काढून प्रवास केला. वहिनी तेव्हा रोह्याकडच्या भातशेतीच्या गावातून नुकतीच लग्न होऊन आली होती. संध्याकाळी म्हणाली, "भाऊजी, रागावू नका. पन आधी वास येतो, मागनं तुमी येता. आन् खाली बोंबील हायतच."

तेव्हापासून निवड तिची. दुकानावर तिचा भरवसा नव्हता. "थितं समदेच वास ग्वाड लागतात," म्हणायची. म्हणून मी अलिबागहून कापसाचे चार-पाच फाये कागदात गुंडाळून आणायचे आणि रविवारी मनगटाला एकेक लावून बोंबलांच्या दोऱ्यांमध्ये उभं राहायचं. ती जवळा उलटत बसायची. अर्ध्या तासाने येऊन हात हुंगायची. "ह्यो पळाला." "ह्यो बोंबलाशी भांडतोय." शेवटी एखाद्यावर, "ह्यो ऱ्हाऊ द्या, ह्याचं जमतंय." शेजारीण कुंपणावरून विचारायची, "दिराला पन सुकत घातलास काय गं?" मुली पाहायला जातानाही अत्तर वहिनीनेच निवडलं. अत्तर पसंत पडलं असावं. माझ्याबद्दल कुणी काही कळवलं नाही.

पुढे निशा लग्न होऊन पेणला गेली, दादा गेला, आणि एवढ्या घरात आम्ही दोघंच उरलो. बोलणं कमी झालं. "जेवलात?" "जेवलो." पण बाटली संपत आली की फाये यायचे, मी उन्हात उभा राहायचो.

तेराव्याला निशाला सहज म्हणालो, "बाटली संपत आलीय. आता निवडायचं कुणी?"

"काका, तुम्हाला ठाऊक नव्हतं? पाच वर्षांपूर्वीच्या त्या तापात आईचं नाक गेलं. भात करपला तरी कळायचं नाही तिला."

करपलेला भात मला आठवत होता. 'लक्ष कुठं असतं हल्ली?' असं मीच विचारलं होतं, आणि ती नुसती हसली होती...

"मग मला अत्तर कसं निवडायची?"

"तुमचं तोंड बघून. तुम्ही उन्हात हुंगत उभे असता ना, तेव्हा ज्या वासाला तुमच्या कपाळावरच्या आठ्या जातात, तो तुमचा, म्हणायची. मला सांगू नको म्हणाली होती. 'त्यांना कळलं तर हात पुढं करनार न्हाईत मग.'"

गेल्या रविवारी मी तीन फाये आणले. पहिला लावून दोऱ्यांमध्ये उभा राहिलो. दोऱ्या रिकाम्या होत्या. स्वतःचं तोंड बघायला तिच्या खोलीत गेलो. तिथला आरसा तिच्या उंचीला टांगलेला. मी समोर उभा राहिलो तर त्यात फक्त माझी हनुवटी दिसते. आरशाच्या काचेला कडेला तिची एक टिकली आहे. गुडघ्यात वाकून बघितलं. दुसरा फाया लावून वाकलो, तिसरा लावून वाकलो. वाकलेल्या माणसाचं तोंड कुठल्याही वासाला सारखंच दिसतं.

खिळा वीतभर वर ठोकला तर दिसेल नीट. अजून ठोकलेला नाही. सध्या कचेरीत बिनअत्तराचाच जातो. कुणी काही म्हणत नाही.