हिरव्या पाण्यात तुरटी

बगदादच्या सूक-अल-गझलमध्ये, म्हणजे आमच्या शुक्रवारच्या पशुपक्ष्यांच्या बाजारात, हातिफकडून मासे घ्यायचे तर आधी शिव्या घ्याव्या लागत. माझा कबुतरांचा गाळा त्याच्या शेजारी, म्हणून बावीस वर्षं त्या शिव्या मी फुकटात ऐकल्या. काचेच्या टाकीत झाडं लावून त्यांच्यात इवले इवले मासे खेळवावेत ते हातिफनेच. पण तोंड? देवा रे देवा.

"अबू सफवान, टाकीत शेवाळ माजलंय. औषध द्या," असं कोणी म्हटलं की झालं! (सफवानचा बाप म्हणून तो अबू सफवान.)

"औषध तुलाच देतो, झोपेचं. दिवा किती तास लावतोस?"

"चौदा-पंधरा."

"आणि खायला?"

"दिवसातून चारदा. भूक लागते हो त्यांना."

"सासूला तरी घालतोस का रे चारदा? उजेड जास्त, खाणं जास्त, मग शेवाळ नाही तर काय गुलाब फुलणार? तीन दिवस टाकी काळ्या कापडाने झाक. दिवा बंद, खाणं बंद, हवेचा पंप तेवढा चालू. आणि कापड वर करून बघायचं नाही! शेवाळ माशाला मारत नाही, मालकाचे शिवशिवणारे हात मारतात."

हे शेवटचं वाक्य माझ्या कबुतरांनाही पाठ झालं असेल.

सफवान त्याचा एकुलता एक, एकोणीस वर्षांचा. बापाच्या गाळ्यात वाढलेला, बापापेक्षा हाताला हलका. त्याने स्वतः लावलेली एक टाकी घरी होती, तिच्यात सतरा निऑन मासे. मग रक्ताचा आजार निघाला आणि पोरगं अंथरुणाला खिळलं. तेव्हा हातिफने काय करावं? अंधाऱ्या कोपऱ्यातली ती टाकी उचलून पलंगासमोर, थेट खिडकीत ठेवली.

"अरे, खिडकीत? लोकांना अक्कल शिकवतोस आणि स्वतः?" मी म्हटलं.

"गप रे अबू शहद. पोरगं पडल्या पडल्या बघतंय."

जुलैचं ऊन आमच्याकडे कोणाची गय करत नाही. सफवानला दवाखान्यात हलवलं आणि बारा दिवसांत पाणी पालकाच्या कालवणासारखं हिरवं झालं. आतला मासा दिसेना. सफवान रोज फोनवर विचारायचा, "बाबा, टाकी?" आणि हातिफ सांगायचा, "झकास."

सोमवारी डॉक्टर म्हणाले, "गुरुवारी घरी न्या." दवाखाना 'घरी न्या' दोनदाच म्हणतो. एक बरं झाल्यावर, आणि एक आम्हाला म्हणाला तेव्हा. हातिफ रडला नाही. सरळ घरी गेला, बायकोचे दोन जुने काळे अबाये, म्हणजे पायघोळ झगे, काढले आणि टाकी झाकली.

"गुरुवारपर्यंत हात लावायचा नाही," त्याने बायकोला, उम्म सफवानला, बजावलं. मला म्हणाला, "बाकी माझ्या हातात काही राहिलं नाही. पोराला त्याचं पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे आणि मासे जिवंत दिसले पाहिजेत. एवढंच."

पण बुधवारी सकाळीच दवाखान्यातून निरोप आला, खाट रिकामी करा, आजच न्या. हातिफ आणि मी माझी गाडी घेऊन गेलो. घरी ती माउली एकटी. तिने अबाया वर करून पाहिलं, तर पाणी अजून हिरवंच. दोनच तर दिवस झाले होते. आता पोरगं दारात येणार, आणि त्याला हे गढूळ दाखवायचं?

तिची आई दक्षिणेतल्या अमारा गावची. तिकडे नदीचं पाणी रांजणात भरायचं आणि तुरटी फिरवायची. सकाळचा चिखल दुपारी आरशासारखा. बाईने घरातला तुरटीचा खडा काढला, फिरवला, वाट पाहिली. मग आणखी दोन फिरवले.

आम्ही सफवानला उचलून आणलं तेव्हा ती ओल्या हातांनी दारात उभी होती. "पाणी बघ रे राजा, स्वच्छ झालं," म्हणाली. आवाज कापत होता. मला वाटलं, आनंदाने.

पाणी खरंच असं होतं की काच आहे की नाही कळू नये. पानांवर पांढरा गाळ बसलेला. आणि तळच्या वाळूवर निऑन, पोटं वर करून. दोन-तीन अजून पृष्ठभागाशी आ वासत होते.

बशीत तुरटीचा खडा झिजून पडला होता; एवढी तुरटी म्हणजे माशांना विषच. मी पाहिला, हातिफने पाहिला, सफवानने पाहिला. मी डोळेच मिटले. म्हटलं, आता याच्या तोंडाचा पट्टा सुटणार.

हातिफ पलंगाच्या कडेला बसला. "लाइट गेली असणार. पंप बंद पडला, हवा मिळाली नाही."

सफवानने एकदा बशीकडे, एकदा बापाकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो आई, जुलैत होतंच असं. पण पाणी काय झालंय गं! बाबांना कधी जमलं नाही असं."

"नाही जमलं," हातिफ म्हणाला.

नवव्या दिवशी सफवान गेला.

दुखवट्याचा मांडव घातला, तीन दिवस लोक येऊन फातिहाची प्रार्थना म्हणून, कडू कॉफी पिऊन गेले. तिसऱ्या दिवशी मी भांडी परत द्यायला मागच्या दाराशी गेलो. उम्म सफवान उंबऱ्यात बसली होती.

"अबू शहद, त्या बुधवारी तुम्ही होतात."

"होतो, वहिनी."

"त्या दिवशी लाइट गेलीच नव्हती. मी दिवसभर पंख्याखाली त्या टाकीसमोर बसले होते. पहिला मासा उलटला तेव्हाच मला कळलं, हे माझ्या हातून झालं. मग तुम्ही आलात, आणि ते दोघं मला वाचवायला लागले. मी काय बोलणार?"

मी हातातली किटली उंबऱ्यावर ठेवली.

"शेवटचे नऊ दिवस माझं लेकरू माझ्याशी हसून खोटं बोलत राहिलं. मला सांभाळत राहिलं. मी तेव्हाच कबूल केलं असतं तर चिडला असता, रडला असता, माझ्या कुशीत रडला असता. एकदा तरी रडायचं होतं ना त्याला? मरत होता हो तो." तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने नाक पुसलं. "यांना सांगू नका. यांना वाटतंय, मला काही कळू दिलं नाही, एवढं तरी यांच्याकडून झालं."

नाही सांगितलं. कोणत्या तोंडाने सांगू?

हातिफ अजून गाळ्यावर बसतो. कोणी मासे मारून आलं की शिव्या देत नाही. "लाइट गेली असेल," म्हणतो आणि नवे मासे पिशवीत भरायला लागतो. आणि मला शेजारून ओरडावंसं वाटतं, अरे मेल्या, शिव्या दे त्याला! त्याला रडू दे!